हार्ड डिस्क बदलली, लॅपटॉप उठेना. जुनी परत लावली तरी उठेना

वारणाकाठ | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची पत्रकं. वडील हे सगळं ज्या लॅपटॉपवर करतात तो २०१५ चा आहे: पाचव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा दुकानदाराने विंडोज ७ टाकून दिलं होतं. २०१६ मध्ये फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा विंडोज १० करून घेतलं. पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि आजवरचं सगळं मॅटर त्याच्यावरच आहे.

गेल्या काही महिन्यांत तो फार रेंगाळायला लागला. फाइल सेव्ह करताना मध्येच अडकायचा. म्हणून ५१२ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (चकतीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) आणली. यूएसबी एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून विंडोजमधूनच क्लोन केलं (जुन्या डिस्कची नक्कल उतरवली), पूर्ण झाल्याचा मेसेज आला. एसएसडी आधी 'ऑफलाइन' दिसत होती, डिस्क मॅनेजमेंटमधून 'ऑनलाइन' केली आणि फाइली उघडून पाहिल्या. सगळ्या होत्या. मग लॅपटॉप बंद केला, मागचं झाकण काढलं, बॅटरीचा कनेक्टर सोडवला आणि डिस्क बदलली.

चालू केल्यावर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस'. क्लोन नीट झालं नसेल असं समजून जुनी डिस्क परत लावली. तरी तीच ओळ! इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने सांगितलं, जुनी डिस्कसुद्धा उठत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.

तुळशीची लग्नं तोंडावर आली आहेत, त्यानंतर पत्रिकांची कामं सुरू होतील. श्रीलिपीची सीडी घरात सापडत नाही, त्यामुळे विंडोज नव्याने टाकायची वडिलांना धास्ती वाटते. खरंच मदरबोर्ड गेला असेल का? कसं तपासायचं?

पाटपाणी | शनिवार, रात्री ९:३२

एवढा विचार करू नका. पेनड्राइव्हवर विंडोज घ्या, एसएसडी फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात मोकळे व्हाल. जुन्या डिस्कवरचा डेटा नंतर काढता येईल.

लोखंडी_पूल | शनिवार, रात्री ९:५०

पाटपाणी, विंडोज अर्ध्या तासात होईल हे खरं, पण त्यांची गरज विंडोजची नाही, त्यावर बसलेल्या श्रीलिपीची आणि पेजमेकरची आहे. ते परत बसवायला त्यांच्याकडे सीडी नाही. आणि आजारी यंत्रावर फॉरमॅट मारताना चुकून दुसरी डिस्क निवडली गेली तर परतीची वाट नाही.

वारणाकाठ ताई, माझं नाशकात रिपेअरिंगचं दुकान आहे. आत्ता कुठलीही डिस्क फॉरमॅट करू नका, 'इनिशियलाइझ' (डिस्क नव्याने तयार) करू का असं कुणी विचारलं तर 'नाही' म्हणा. मदरबोर्ड गेलेल्या यंत्राच्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशी व्यवस्थित ओळ सहसा उमटत नाही. ती ओळ मदरबोर्डच लिहितो. प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले चालू आहेत, फक्त उठायला काही सापडत नाही, एवढंच तो सांगतोय.

जुनी डिस्क आत ठेवा. चार्जर लावा. चालू करताना एफ२ दाबत राहून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि चार गोष्टी जशा दिसतील तशा इथे लिहा. काही बदलू नका, फक्त वाचा: तारीख काय आहे, डिस्कचं नाव आणि आकार दिसतो का, बूट मोड काय लिहिलंय, सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर उठू देणारी सोय) चालू की बंद.

मधुमालती | शनिवार, रात्री १०:०५

मला यातलं फार कळत नाही, पण उत्सुकता आहे. क्लोन म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट नव्हे का? सगळ्या फाइली नव्या डिस्कवर गेल्या तर ती चालायला काय अडचण?

त्रिज्या | शनिवार, रात्री १०:४०

मधुमालती, फाइली कॉपी झाल्या तरी यंत्राला त्या कुठून सुरू करायच्या हे कळावं लागतं. ते सांगणारा मजकूर फाइलींच्या बाहेर असतो. हा भाग कळला की असले अर्धे प्रश्न घरी सुटतात, म्हणून जरा विस्ताराने.

जुन्या पद्धतीत, म्हणजे लेगसी बायॉसमध्ये, यंत्र डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतं. ५१२ बाइटचा हा तुकडा म्हणजे एमबीआर. त्यात थोडा कोड, चार पार्टिशनांची (डिस्कच्या भागांची) यादी आणि डिस्कची चार बाइटची ओळखखूण असते. तो कोड 'ॲक्टिव्ह' खूण असलेलं पार्टिशन शोधतो. विंडोजमध्ये ते बहुधा 'सिस्टिम रिझर्व्हड' नावाचं छोटं पार्टिशन असतं, ज्याला एरवी ड्राइव्हचं अक्षरही नसतं. तिथे 'बूटएमजीआर' असतो, तो बीसीडी नावाची छोटी नोंदवही उघडतो, आणि विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवर आहे ते त्यात वाचून पुढे जातो.

नव्या पद्धतीत, यूईएफआयमध्ये, डिस्कवर जीपीटी प्रकारची यादी असते आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं ईएफआय पार्टिशन असतं. त्यातली विंडोजची बूट फाइल कुठे आहे याची नोंद खुद्द मदरबोर्डच्या स्मृतीत असते. नुसता सी ड्राइव्ह क्लोन केला आणि हे छोटं पार्टिशन राहिलं, तर नव्या डिस्कवर सगळं असूनही यंत्र म्हणतं, उठायला काही नाही.

म्हणून कुठल्या टप्प्यावर थांबलं ते मेसेजवरून ओळखायचं. बायॉसमध्ये डिस्कचं नावच नसेल तर केबल, कनेक्टर किंवा डिस्क. नाव आहे पण 'नो बूटेबल डिव्हाइस', तर मोड चुकलाय किंवा ते छोटं पार्टिशन नाही. निळ्या पडद्यावर ०एक्ससीने सुरू होणारा कोड आला तर बूटएमजीआर चालला पण नोंदवहीतला पत्ता चुकीचा आहे. विंडोजचा लोगो येऊन 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर विंडोज सुरू झालं, पण डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर त्याला मिळाला नाही. चार वेगवेगळे आजार आहेत आणि चौघांचं औषध वेगळं. पहिला सोडला तर बाकीच्यांवर फॉरमॅट चालतं खरं, पण त्यात रोग्याचं सगळं सामानही जातं.

या प्रकरणात मला जुन्या डिस्कचं न उठणं सर्वात महत्त्वाचं वाटतं. कालपर्यंत चालणारी डिस्क त्याच जागी परत लावून उठत नाही, तर डिस्क बदलताना आणखी काहीतरी बदललं आहे. ताईंनी बॅटरी सोडवली होती. म्हणूनच लोखंडी_पूल तारीख विचारताहेत.

वारणाकाठ | रविवार, सकाळी ८:१५

पाहिलं. तारीख ०१/०१/२०१५ दाखवतोय! जुन्या डिस्कचं नाव आणि ५०० जीबी दिसतंय. बूट मोड: यूईएफआय. सिक्युअर बूट: एनेबल्ड.

लोखंडी_पूल | रविवार, सकाळी ८:४०

मग मदरबोर्ड शाबूत आहे. बायॉसचा सेल संपलाय.

बोर्डावर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, लॅपटॉपमध्ये बहुधा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन वायरींनी जोडलेला. घड्याळ आणि बायॉसच्या सेटिंग त्याच्या जिवावर टिकतात. तो संपला तरी मोठी बॅटरी लावलेली असेपर्यंत कळत नाही. तुम्ही मोठी बॅटरी सोडवली त्या क्षणी घड्याळ आणि सेटिंग दोन्ही कारखान्यातल्या स्थितीला गेली. कारखान्यातली स्थिती म्हणजे यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू. तुमचं विंडोज लेगसीवर टाकलेलं असणार. विंडोज ७ च्या काळात आमच्या धंद्यात सर्रास तसंच करायचे. ७ चं १० झालं तरी अपग्रेडमध्ये तो प्रकार बदलत नाही. म्हणून यूईएफआय मोडला तुमच्या दोन्ही डिस्क दिसतात, पण उठण्याजोगं त्याला काही सापडत नाही.

करायचं असं. आधी सिक्युअर बूट बंद करा, कारण ते चालू असताना बऱ्याच यंत्रांत लेगसीचा पर्याय निवडताच येत नाही. मग बूट मोड लेगसी करा. काही ठिकाणी त्याला सीएसएम म्हणतात. तारीखही नीट लावा, नाहीतर ब्राउझर सगळ्या साइटची सर्टिफिकेट नाकारेल. एफ१० दाबून सेव्ह करा. त्यानंतर बॅटरी काढू नका.

वारणाकाठ | रविवार, सकाळी ९:२०

उठला!! जुन्या डिस्कवर विंडोज उघडलं, श्रीलिपी चालू आहे, सगळ्या पत्रिका आहेत. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोखंडी_पूल दादा, त्रिज्या, तुमचे आभार कसे मानू?

आता एसएसडी लावू का?

लोखंडी_पूल | रविवार, सकाळी ९:३०

थांबा. आज ती डिस्क उठली आहे, तर पहिलं काम फाइली वाचवायचं. बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा. क्रम तुमचा: सध्याची चालू कामं आधी, मग नेहमी लागणारे साचे आणि फॉन्ट, मग जुनी मॅटर. सेव्ह करताना अडकायचं असं तुम्ही लिहिलंय, ते मला बरोबर वाटत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात त्या डिस्कची तब्येत पाहून सांगा.

वारणाकाठ | रविवार, दुपारी १:०५

कॉपी झाली, दोन जुन्या अहवालांच्या फाइली सोडून. त्या वाचता येत नाहीत म्हणतोय. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहिलंय आणि सी५ समोर शून्य नाही.

त्रिज्या | रविवार, दुपारी १:३०

सी५ म्हणजे वाचायला त्रास देणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. सी५ शून्य नसणं म्हणजे डिस्क उताराला लागली आहे. ती लगेच बंद पडेल असं नाही, पण तिच्यावर आता रोजचं काम करू नका. एसएसडी घ्यायचा निर्णय अगदी वेळेवर झाला.

त्या दोन फाइली एसएसडीवरच्या क्लोनमध्ये उघडतात का पाहा. क्लोन झालं तेव्हा ते सेक्टर वाचले गेले असतील तर तिथे त्या चांगल्या असतील. तिथेही नसतील तर घाईने पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करू नका. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे काम नीट करतं. आधी सोपे भाग उचलतं, अडणारे भाग नंतरसाठी ठेवतं, आणि कुठवर आलं याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

पाटपाणी | रविवार, दुपारी २:१०

वाचतोय. सेलमुळे मोड बदलतो हे माहीत नव्हतं. कालचा माझा सल्ला ऐकला नाहीत ते बरं झालं.

वारणाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:४५

एसएसडी लावली. बायॉसमध्ये पुन्हा लेगसी करावं लागलं, तारीखही परत गेली होती. आता काळी ओळ येत नाही, पण निळा पडदा येतो. 'युवर पीसी नीड्स टू बी रिपेअर्ड', आणि खाली कोड ०एक्ससी००००००ई. म्हणजे क्लोन खराब झालं का? पुन्हा करायचं तर त्या आजारी डिस्कवरून करायची भीती वाटते.

त्रिज्या | रविवार, संध्याकाळी ७:२०

पुन्हा क्लोन करू नका, गरज नाही. हा कोड पाहून मला बरंच वाटलं. बूटएमजीआर चालला, त्याने नोंदवही उघडली आणि तिच्यात लिहिलेली डिस्क त्याला सापडली नाही, एवढाच याचा अर्थ.

कारण तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे. एमबीआरमध्ये डिस्कची चार बाइटची ओळखखूण असते असं वर लिहिलं होतं. क्लोन करताना तीही जशीच्या तशी उतरते. मग एका विंडोजला एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसतात, म्हणून ते दुसरीला 'ऑफलाइन' ठेवतं. ती 'ऑनलाइन' केली की विंडोज तिला नवी ओळख लिहून देतं. फाइली पाहण्यासाठी कुणीही तेच करेल, पण नव्या डिस्कवरच्या बीसीडीत पत्ता मात्र जुन्या ओळखीचाच राहतो. घर तेच, पाटीवरचा नंबर बदलला आणि पोस्टमनकडे जुना नंबर.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज १० चा पेनड्राइव्ह बनवा. त्यावरून लॅपटॉप उठवा. बूट मेन्यूची कळ कंपनीनुसार वेगळी: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसला एस्केप, एसरला एफ१२ पण तो आधी बायॉसमधून चालू करावा लागतो. भाषेच्या खिडकीनंतर 'इन्स्टॉल' न दाबता खालच्या कोपऱ्यात 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' आहे ते दाबा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, कमांड प्रॉम्प्ट.

तिथे 'डिस्कपार्ट' लिहून एंटर, मग 'लिस्ट व्हॉल्यूम'. जे दिसेल ते इथे लिहा, पुढची आज्ञा मी तुमच्या यादीवरून देतो. आपल्या मनाने अक्षरं धरू नका. या वातावरणात सी हा सी असेलच असं नाही.

वारणाकाठ | रविवार, रात्री ९:००

यादी अशी: सी – सिस्टिम रिझर्व्हड, १०० एमबी. डी – नाव नाही, साधारण १२० जीबी. ई – 'काम', १७० जीबी. एफ – 'जुने', उरलेली जागा. जी – पेनड्राइव्ह.

त्रिज्या | रविवार, रात्री ९:१५

बरोबर. एरवी लपलेलं छोटं पार्टिशन इथे सी झालंय आणि तुमचं विंडोज डी झालंय. खात्रीसाठी 'एक्झिट' करून डिस्कपार्टमधून बाहेर या आणि 'डीआयआर डी:' करा. 'विंडोज' आणि 'युजर्स' ही फोल्डर दिसली पाहिजेत.

दिसली की मग बीसीडीबूटची आज्ञा: बीसीडीबूट, जागा सोडून डी: उलटी तिरकी रेघ विंडोज, जागा सोडून सुलटी तिरकी रेघ एस, जागा, सी:, जागा, सुलटी तिरकी रेघ एफ, जागा, बायॉस. अर्थ असा, की डीवरच्या विंडोजसाठी लागणाऱ्या बूट फाइली सीवर लेगसी पद्धतीने नव्याने लिही. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असं उत्तर आलं पाहिजे. मग पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट. ही आज्ञा तुमच्या फाइलींना हात लावत नाही.

जुनी डिस्क आत्ता कुठेही जोडू नका. पहिल्यांदा उठताना नवी एकटीच असू दे.

वारणाकाठ | रविवार, रात्री ९:४०

झालं! एसएसडीवरून विंडोज आलं, लॉगिन झालं, श्रीलिपीने काही विचारलं नाही, पेजमेकर क्षणात उघडतो. न वाचता आलेल्या दोनपैकी एक अहवाल क्लोनमध्ये नीट आहे. दुसऱ्याची छापील प्रत आहे, तो परत टाइप करू.

प्रत्येक वेळी वीज गेली किंवा बॅटरी काढली की लेगसी परत करावं लागेल का? त्यावर कायमचा उपाय काय?

त्रिज्या | रविवार, रात्री १०:१०

दोन वाटा आहेत. एक, सेल बदलणं. दुसरी, डिस्कच एमबीआरची जीपीटी करून विंडोज यूईएफआयवर नेणं, म्हणजे बायॉस कारखान्याच्या स्थितीत गेला तरी यंत्र उठेल. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, ते फाइली न पुसता हे करतं. मला दुसरी वाट आवडते, पण आधी दोन गोष्टी पाहा. सेटिंग, सिस्टिम, अबाउटमध्ये 'सिस्टिम टाइप' समोर काय आहे? आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीत काही आहे का?

वारणाकाठ | रविवार, रात्री १०:२५

'३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर'. 'जुने' नावाचं पार्टिशन हिरव्या चौकटीत आहे.

त्रिज्या | रविवार, रात्री १०:३५

मग दुसरी वाट बंद. या काळातल्या लॅपटॉपांचं यूईएफआय ६४-बिट असतं, त्यावरून ३२-बिट विंडोज उठत नाही. दुकानदाराने २०१५ साली लेगसी का केलं असेल तेही यातून कळतं: ३२-बिट विंडोज टाकायचं तर त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता.

आणि ३२ चं ६४-बिट अपग्रेडने होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. (वाचणाऱ्या इतरांसाठी: ६४-बिट असतं तरी हिरवी चौकट अडली असती. ती एक्स्टेंडेड पार्टिशनची (पोटात आणखी पार्टिशनं ठेवणाऱ्या पार्टिशनची) खूण आहे, आणि असं पार्टिशन असेल तर एमबीआर२जीपीटी काम करायला नकार देतं. आधी तिथला डेटा हलवून ते काढावं लागतं. प्रायमरी पार्टिशनंही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणून आधी 'व्हॅलिडेट' चालवून पाहायचं, त्यात काही बदलत नाही.)

लोखंडी_पूल | रविवार, रात्री १०:५०

सेल बदलून घ्या, तेवढं पुरे. वायर लावलेला सीआर२०३२ मिळतो. कनेक्टर दोन प्रकारचे येतात, तेव्हा जुना सोबत घेऊन जा. उघड्या सेलला घरी वायर डागू नका, तापून फुटतो. नवा लावल्यावर एकदा तारीख लावा, बूट मोड लेगसी करा आणि सिक्युअर बूट बंद करा. त्या तिन्ही सेटिंग एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या तळाला चिकटवा. पुढे कुणीही उघडला तरी मदरबोर्ड गेला असं सांगणार नाही.

आणखी एक. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि पाचव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. हे यंत्र डीटीपीपुरतं ठेवा. बँकेची कामं आणि मेल दुसरीकडे करा, फाइली पेनड्राइव्हने न्या. आणि सीडी सापडत नसली तरी श्रीलिपीच्या कंपनीशी आत्ताच बोलून घ्या, यंत्र चालू असताना.

अवकाळी | सोमवार, सकाळी ७:५०

धागा वाचून धीर आला म्हणून इथेच विचारतो. लॅपटॉप २०२२ चा, बाराव्या पिढीचा, विंडोज ११. आत २५६ जीबीची एनव्हीएमई (पट्टीसारखी एसएसडी, 'स्टिक') होती, तिच्या जागी १ टीबीची लावली आणि पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज टाकायला गेलो. इन्स्टॉलरला एकही ड्राइव्ह दिसेना. इंटरनेटवर वाचून बायॉसमध्ये व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह सांभाळायची सोय) बंद केलं, मग दिसला. पण तोवर मुलीचा ऑनलाइन परीक्षेचा दिवस आला म्हणून जुनी स्टिक परत लावली, तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी की मागतो. आम्ही कधीच पासवर्ड लावला नव्हता! परीक्षा उद्या आहे.

त्रिज्या | सोमवार, सकाळी ८:०५

तुमची केस वेगळी आहे, पण पहिली पायरी तीच: जे बदललं ते परत फिरवा. बायॉसमध्ये जाऊन व्हीएमडी पुन्हा चालू करा आणि जुनी स्टिक तिच्याच स्लॉटमध्ये आहे ना पाहा. बिटलॉकरचं कुलूप मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपला बांधलेलं असतं. बायॉसची स्थिती बदललेली दिसली की चिप किल्ली सोडत नाही. स्थिती पूर्ववत झाली की बऱ्याचदा की न मागता उघडतं. आणि व्हीएमडी बंद ठेवून की टाकली असती, तर पुढे 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येण्याची शक्यता होतीच, कारण ते विंडोज इंटेलच्या आरएसटी ड्रायव्हरने डिस्कशी बोलायला शिकलेलं आहे.

तरीही मागितली तर: पासवर्ड तुम्ही लावला नाही, विंडोजने स्वतः डिस्क एन्क्रिप्ट केली आहे. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, त्या खात्यात ही की साठवलेली असते. मोबाइलवर त्या खात्यात शिरून 'डिव्हाइसेस'मध्ये रिकव्हरी की पाहा. पडद्यावर 'की आयडी' दिसते, तिची पहिली आठ अक्षरं जुळणारी की निवडा.

अवकाळी | सोमवार, सकाळी ८:४०

व्हीएमडी चालू केलं तरी मागतोय. माझ्या खात्यात एकही की नाही.

लोखंडी_पूल | सोमवार, सकाळी ८:५०

लॅपटॉप पहिल्यांदा कुणी सुरू करून दिला होता? मुलीने, तिच्या कॉलेजच्या मेलने केला असेल तर की तिथल्या खात्यात असते. दुकानात सुरू करून दिला असेल तर तिथे कुठलं खातं वापरलं ते विचारा. घरातल्या प्रत्येकाचं खातं तपासा, ज्याने एकदाच लॉगिन केलं असेल त्याचंही. तोवर 'रीसेट धिस पीसी' दाबू नका, त्यात डेटा जातो.

अवकाळी | सोमवार, सकाळी १०:१५

धाकट्या भावाच्या खात्यात सापडली! त्यानेच पुण्यात घेऊन सुरू करून पाठवला होता. की टाकली, विंडोज उघडलं. मुलगी अभ्यासाला बसली आहे. दोघांचे मनापासून आभार.

परीक्षा झाल्यावर नवी स्टिक लावायची आहे. तेव्हा व्हीएमडी चालू ठेवू की बंद?

त्रिज्या | सोमवार, सकाळी १०:३०

एकच ड्राइव्ह आहे आणि विंडोज कोरंच टाकायचं आहे, तर बंद ठेवून टाकलंत तरी चालेल. फक्त त्यानंतर ते सेटिंग बदलू नका. चालू ठेवायचं असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, उलगडून इन्स्टॉलरच्याच पेनड्राइव्हवर ठेवा. ड्राइव्ह निवडायच्या खिडकीत 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवला की स्टिक दिसते.

जुनी स्टिक काढण्याआधी तिच्यावरच्या विंडोजमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करून पूर्ण उलगडू द्या, म्हणजे पुढे ती एन्क्लोजरमध्ये घालून फाइली काढताना कुलूप आडवं येणार नाही. आणि नव्या विंडोजमध्ये लॉगिन कुठल्या खात्याने करायचं ते घरात आधी ठरवा, झाल्यावर लगेच त्याची की कागदावर उतरवून घ्या. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेलं विंडोज ११, पूर्वी जिथे होत नसे अशा अनेक यंत्रांवरही डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं.